बोलका तितर

"आणि हा एक तितर आतच का?"

रायभान बहुरूप्यानं खुराड्याच्या दारात पाय रोवला होता. चांदशा फकीर दार लावायला आला होता, त्याला हा दार लावू देईना.

"एक आत ठेवावा लागतो," चांदशा म्हणाला.

"बाकीचे सगळे सोडले माळावर. यानंच काय तुमचं घोडं मारलंय?"

"काही नाही."

"मग?"

"दिवस कलला की हा आतून ओरडतो. बाहेरचे ऐकतात, परत येतात. रात्री कोल्ह्यापासून वाचतात."

"म्हणजे त्यांच्या जिवासाठी याला जन्मठेप."

"तसं म्हण."

"हा न्याय झाला, बाबा?"

"नाही."

रायभानची पंचाईत झाली. भांडायला कंबर कसून आलेल्या माणसाला समोरच्यानं एकदम कबुली दिली की त्यानं कसलेल्या कमरेचं करायचं काय?

इनामं अजून खालसा व्हायची होती त्या काळातली ही हकीकत. कुसळवाडीच्या माळावर चांदशाचा तकिया होता. तकिया म्हणजे एक लिंब, एक रांजण, एक झोपडी आणि झोपडीपेक्षा मोठं खुराडं. फकीर पावसात भिजायचा, पण खुराडं गळायचं नाही.

माळ फत्तेसिंगराव इनामदारांचा. त्यांच्या घराण्यानं तिथं इतक्या बंदुका चालवल्या की शेवटी सकाळ व्हायची ती मुकी. एक तितर बोलेना. लोकांना त्याचं काही वाटलं नाही. चांदशाला वाटलं.

"इनामदारानं माळाची जीभ खाल्ली," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "मी नवी बसवतोय. अडव म्हणावं."

उन्हाळ्यात बांधावरचं काटवण तोडताना कुणाला तितराची अंडी दिसली की तो ती पटक्यात बांधून तकियावर आणून द्यायचा. चांदशा ती खुडूक कोंबडीखाली ठेवायचा. पिलं निघाली की त्यांच्यासाठी शेणकुटं आणि ओला भुस्सा भरलेलं मडकं वारुळापाशी पालथं घालायचा. सकाळी मडकं उचललं की आत वाळवीच वाळवी. ते त्यांचं जेवण. खुराड्याभोवती बाभळीच्या काट्यांचं असं कुंपण की मुंगूस आलं तरी नाक धरून परत जाईल. कोंबडी बिचारी आईपण करायची, आणि आपली लेकरं अशी भुरकट का निपजली याचा विचार करत फिरायची.

रायभान तिथं आला होता तो पाखरांसाठी नव्हे. बहुरूपी तो. गावोगाव सोंगं घेऊन फिरायचा आणि पसाभर जोंधळे मागायचा. आवाजात त्याचा हात धरणारा मुलखात नव्हता. फौजदाराचा आवाज काढला तर एकदा खुद्द फौजदारच उठून उभा राहिला होता. पाटलाच्या आवाजात खाकरला की आतून पाटलीण चहा घेऊन बाहेर यायची. एका गावात त्यानं वासराचा आवाज काढला आणि म्हैस दोन कोस त्याच्या मागं चालत आली, असं तो स्वतः सांगायचा. म्हशीला कुणी विचारलं नाही.

आता त्याला फकिराचं सोंग बसवायचं होतं.

"नमुना बघायला आलोय," त्यानं पहिल्याच दिवशी चांदशाला तोंडावर सांगितलं. "शिष्यबिष्य व्हायचं नाही आपल्याला."

"बघ की," चांदशा म्हणाला. "त्या आधी मडकं पालथं घालून ये."

तो बघता बघता श्रावण आला. रायभान वाळवी आणत होता, काटे रचत होता, पिलांना नावं देत होता. पोट पुढं काढून चालणाऱ्या एका नराला तो मामलेदार म्हणायचा. सोंग मात्र अजून बसलं नव्हतं, कारण फकीर दिवसभर करतो काय तेच त्याला कळेना.

आणि आज पाखरं सोडायचा दिवस. सगळे गेले, मामलेदार तर मागं वळूनही न बघता गेला. एक तेवढा आत.

"न्याय नाही म्हणता," रायभान म्हणाला, "आणि दार लावता."

"हो."

"मी लावू देणार नाही."

चांदशानं त्याच्याकडं पाहिलं...

"तू सगळ्यांचे आवाज काढतोस म्हणे."

"म्हणे काय? काढतोच."

"याचा काढ."

रायभाननं गळा साफ केला. मान थोडी वर, गाल आत. 'कतीतर-कतीतर-कतीतर!' आतला तितर ताडकन उठला, पिसं फुलवून आला आणि रायभानच्या अंगठ्यावर चोच मारायला धावला. एवढा मोठा परका नर आपल्या दारात बघून त्याचं डोकंच फिरलं.

चांदशा वाकला. तितराला दोन्ही हातांत धरलं, बाहेर आणलं आणि हवेत उडवलं. तो भुर्रकन बोरीच्या जाळीमागं दिसेनासा झाला.

मग फकिरानं खुराड्याचं दार सताड उघडलं.

"बस आत."

"कोण?"

"जागा रिकामी झालीय."

"मी? मी माणूस आहे, बाबा!"

"कुणाला ठाऊक," चांदशा म्हणाला. "फौजदारसुद्धा होतास मागं."

दुसरा कुणी असता तर झोळी उचलून चालू लागला असता. पण रायभानच्या कलेला हात घातला की तो मागं सरायचा नाही.

"बसतो!" तो ओरडला. "बघाच तुम्ही. तितर काय, तितराची आई येईल माझ्या हाकेला."

आणि तो गुडघे कानाला लावून आत शिरला.

दिवस कलला. माळावर सावल्या लांब झाल्या. रायभाननं आतून हाक दिली.

काही नाही...

त्यानं पुन्हा दिली. या वेळी शेवटचा तुकडा जरा ओढून, संध्याकाळी तितर ओढतात तसा.

कुंपणाखाली एक ठेंगणी फट ठेवलेली होती. तिच्यातून आधी एक मान आली. मग दुसरी. मग मामलेदार, पोट सांभाळत. एकामागून एक आले, आत शिरले, या नव्या आडदांड तितराला जरा न्याहाळलं आणि त्याच्या मांडीवर, खांद्यावर, पटक्यावर जागा धरून बसले. थोड्या वेळानं सगळ्यांचे डोळे मिटले.

रायभान हलला नाही. पायाला मुंग्या आल्या तरी हलला नाही.

जन्मभर लोक त्याच्याकडं बघायला आले होते, हसायला आले होते. झोपायला कुणी आलं नव्हतं.

मग ते रोजचंच झालं. दिवसभर पाखरं माळावर, संध्याकाळी रायभान खुराड्यात. आवाज असा पिकला की चांदशाची कोंबडीसुद्धा त्याला वाळवी आणून द्यायला लागली.

भादवा सरला. पाखरांची पिसं पक्की झाली.

"आता पुरे," चांदशा एके दिवशी म्हणाला. "त्यांना माळ कळला."

"अजून लहान आहेत, बाबा."

"मामलेदार लहान आहे?"

"तो दिसायला तेवढा मोठा. रात्री दचकतो."

"कोण दचकतो?"

रायभान संध्याकाळी आत जाऊन बसला, आणि हाक मारली. जरा मोठ्यानंच.

चांदशानं पुन्हा विषय काढला नाही. त्याची ही एक खोड होती. एकदा सांगायचं आणि मग बघत बसायचं.

रायभाननं मात्र विषय काढला, आणि तोही भर बाजारात.

"कुसळवाडीच्या माळावर असा एक बोलका तितर हाय," हलवायाच्या ओट्यावर बसून तो सांगत होता, "की त्यानं हाक मारली की सगळा माळ चालत येतो. बोरीसुद्धा मुळं उचलून येतात. मी डोळ्यांनी बघितलंय."

तो तितर कोण हे त्यानं सांगितलं नाही. तेवढं रहस्य ठेवल्याशिवाय गोष्टीला गोडी नाही. ओट्याभोवती माणसं जमली, जिलबी फुकट मिळाली.

जिलबी पोटात जिरली नव्हती तोवर बातमी इनामदारांच्या वाड्यावर जाऊन पोचली.

दसरा झाला आणि फत्तेसिंगराव माळावर आले. बरोबर त्यांचे व्याही दौलतराव. लेक नुकतीच त्यांच्या घरात दिलेली, आणि इनामदारांनी भर पंगतीत शब्द दिलेला की व्याह्यांना आमच्या माळावरचं तितराचं कालवण खाऊ घालतो. दोन बंदुका, एक राहुटी आणि मसाला वाटून आणलेला. तितर तेवढे यायचे होते.

ऊन उतरणीला लागलं होतं. रायभान नुकताच आत जाऊन बसला होता. बाहेर घोड्यांच्या टापा ऐकल्या आणि त्यानं श्वास धरला.

"फकीर!" इनामदार म्हणाले. "तो बोलका तितर कुठं आहे?"

चांदशा लिंबाखाली कफनीला ठिगळ लावत बसला होता.

"खुराड्यात."

"मला हवाय. असा एक पिंजऱ्यात घालून माळावर ठेवला की बाकीचे आपल्या पायांनी बंदुकीसमोर येतात. शिकाऱ्याला दुसरं काय पाहिजे?"

"घ्या की," चांदशा म्हणाला.

आत रायभान कोपऱ्यात सरकला.

इनामदारांनी स्वतः दार उघडलं, हात आत घातला आणि हाताला जे लागलं ते धरून ओढलं. बाहेर रायभानची मिशी आली. मिशीमागून रायभान.

व्याही दोन पावलं मागं सरले.

"हे काय?"

"हा बोलका," चांदशा म्हणाला आणि दोरा दातानं तोडला.

इनामदार मग खदाखदा हसले. "अरे, हा तर बहुरूपी! आमच्या वाड्यावर फौजदार होऊन आला होता. बरं झालं. तितराला दाणे घालावे लागतात, याला धाक घातला की पुरे. चल रे. मार हाक."

रायभाननं चांदशाकडं पाहिलं.

"बाबा?"

"मला काय विचारतोस? आत बसायचास तू."

"सरकार," रायभान म्हणाला, "आज आवाज बसलाय."

"बाजारात तर उभा होता."

"तिथंच बसला, सरकार. जिलबीनं."

"हे बघ," इनामदार खाली वाकून म्हणाले. "हाक मारलीस तर डोईला जरीचं पागोटं बांधीन. दर दसऱ्याला वाड्यावर मान. नाही मारलीस..."

"नाही मारली तर?"

"या मुलखात सोंग घेऊन फिरायचं बंद. तुझंही आणि तुझ्या भाऊबंदांचंही."

पोटावरच पाय.  रायभानच्या डोळ्यांसमोर बिऱ्हाडातली बाई आली, धाकटा भाऊ आला. आणि मग, का कोण जाणे, मामलेदार आला, फटीतून पोट सांभाळत येणारा.

"नाही मारत," तो म्हणाला.

"काय म्हणालास?"

"सरकार, मी आजवर तुमचा फौजदार झालो, कारकून झालो, तुमच्या जनानखान्यासमोर नाचलो. ह्यो तितर तुमचा न्हाई. नाही मारत हाक."

इनामदारांचा चेहरा लाल झाला. "माळ माझा! माळावर जे चरतं, जे उडतं, ते माझं!"

"तर मग तुम्हीच बोलवा," लिंबाखालून चांदशा शांतपणे म्हणाला. "तुमचे असतील तर येतील."

व्याह्यांना हसू आलं. ते त्यांनी मिशीत दाबलं, पण इनामदारांनी ते पाहिलं. आता माघार नव्हती.

त्यांनी रायभानला परत आत कोंबलं. बंदुकीच्या पेटीचं कुलूप काढून खुराड्याला घातलं, किल्ली खिशात टाकली. दोघे काट्याच्या कुंपणाआड बंदुका घेऊन बसले. दौलतराव नेमके मुंगळ्यांच्या वाटेवर बसले, आणि व्याह्यांसमोर उठून खाजवणं शोभत नाही म्हणून तसेच बसून राहिले.

इनामदारांनी तोंडाला हात लावला आणि हाक मारली.

ती हाक कशी होती हे सांगणं अवघड आहे. बोकड चिखलात रुतला आणि त्याच वेळी त्याला उचकी लागली तर साधारण तसा आवाज येईल.

आत रायभानच्या अंगावर काटा आला. शेवटचा तुकडा उतरता? उतरता नव्हे, चढता! आणि मधे श्वास कुठं घेतोय हा माणूस!

"तसं नाही," व्याही म्हणाले. "असं." आणि त्यांनी मारली.

लांब ओढ्यात एका कोल्ह्यानं उत्तर दिलं.

रायभाननं डोळे मिटून घेतले. मार खाणं त्याला माहीत होतं. उपाशी राहणं माहीत होतं. पण आपल्या हातातली चीज कुणी अशी समोर वाटोळी करावी आणि आपण गप्प बसावं, हे त्याच्या बापजाद्यांत कुणी केलं नव्हतं. नुसता एकदा दाखवला असता... एकच तुकडा... हळूच.

"मला वाटतं याला येतच नसणार," दौलतराव मुद्दाम मोठ्यानं म्हणाले. "बाजारगप्पा. आमच्याकडचा गुराखीसुद्धा याहून बरा ओरडतो."

"भिकारी सोंगं," इनामदार म्हणाले. "आवाज म्हणे!"

रायभानचं तोंड उघडलं.

आणि त्याच वेळी बोरीच्या जाळीतून हाक आली. 'कतीतर-कतीतर?'

ती मामलेदाराची होती. रायभान हजारांत ओळखला असता. रोजची वेळ झाली होती, आणि खुराडं गप्प होतं. मग दुसरीकडून एक आली. ओढ्याच्या अंगानं आणखी एक. चहूकडून विचारत होते. इतके दिवस हा बोलवायचा आणि ते यायचे. ते बोलवताहेत आणि हा गप्प आहे, असं कधी झालं नव्हतं.

कुंपणाआड बंदुकीचा घोडा चढल्याचा आवाज झाला.

बोलवलं तर बंदूक. न बोलवलं तर रात्र, कोल्हा, रानमांजर.

रायभाननं डोक्याचा पटका ओढला, त्याचा बोळा केला आणि तोंडात कोंबला. दोन्ही हातांनी धरून ठेवला. डोळ्यांतून पाणी येत होतं, नाकातून येत होतं.

माळावरून हाका येत राहिल्या. मग विरळ झाल्या... मग एकच... मग तीही नाही.

अंधार पडला. इनामदार उठले. "उद्या उजाडता येतो," ते खुराड्याला लाथ घालून म्हणाले. "राहुटी इथंच आहे. तू कुजबुजलास तरी ऐकू येईल."

ते गेल्यावर रायभाननं बोळा काढला.

"बाबा," तो कुजबुजला. "मागचा कूड उपटा. मी माळावर जातो."

"जाऊन?"

"त्यांना शोधतो."

"कसा?"

"हाक मार..." एवढं बोलून तो थांबला.

चांदशा खुराड्याला पाठ लावून खाली बसला. उजाडेपर्यंत तिथून उठला नाही.

पहाट झाली. रायभान जागाच होता. रात्रभर त्याला कोल्ह्याच्या तोंडात पिसं दिसत होती. आता उजाडल्यावर काय काय सापडेल याचा हिशोब तो मनात करत होता.

पूर्वेला तांबडं फुटलं.

आणि लांबच्या बाभळीतून आवाज आला. 'कतीतर-कतीतर-कतीतर!'

मामलेदार!

पाठोपाठ दुसरा. पलीकडून तिसरा. टेकाडावरून, बांधावरून, ओढ्यातून. रात्र त्यांनी काट्यांच्या झाडांवर चढून काढली होती. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, किंवा कुणी शिकू दिलं नव्हतं. माळ इकडून तिकडे बोलत होता.

रायभानला काय झालं ते त्याचं त्यालाही कळलं नाही. आनंद नुसता छातीत मावेना, आणि तो तोंडातून बाहेर पडला. जन्मात मारली नव्हती अशी खणखणीत हाक त्यानं मारली.

'कतीतर-कतीतर-कतीतर!'

राहुटीत धडपड झाली. इनामदार धोतर सावरत बंदूक घेऊन धावत आले, मागून दौलतराव एका पायात जोडा घालून.

रायभाननं दोन्ही हात तोंडावर दाबले. उशीर झाला होता. कुंपणाआड बंदुकांचे घोडे चढले. ठेंगण्या फटीवर दोन नळ्या रोखल्या गेल्या.

'देवा,' रायभान मनात म्हणाला. 'एवढी एक हाक परत गिळू दे.'

सगळे थांबले...

माळावरून उत्तर आलं. सगळ्यांनी दिलं. मामलेदारानं तर दोनदा दिलं, दणक्यात.

आलं कुणी नाही.

"पुन्हा!" इनामदार ओरडले.

"मारली की त्यानं," दौलतराव म्हणाले. "चांगली मारली. कोण आलं?"

ऊन वर आलं. फट मोकळीच होती. एक मुंगळा तेवढा तिच्यातून आत आला, तो बहुधा दौलतरावांना शोधत असावा.

इनामदारांनी शेवटी चिडून आवाजाच्या रोखानं बार टाकला. तो राहुटीच्या खांबाला लागला, आणि राहुटी मसाल्यासकट बसली. तितर एक क्षण गप्प झाले. मग पहिल्याहून मोठ्यानं बोलायला लागले, लांबून, सगळीकडून.

"तुमच्याकडं वांगी बरी होत असतील," दौलतराव घोड्यावर बसता बसता म्हणाले.

फत्तेसिंगरावांनी किल्ली खुराड्यासमोर मातीत फेकली. "बहुरूप्या, तुझ्या गळ्यात काही राहिलं नाही. साऱ्या मुलखाला सांगतो, तुझ्या हाकेला कुत्रं येत नाही."

"सांगा, सरकार," आतून रायभान म्हणाला. "माझं नाव घेऊन सांगा."

घोडे टेकाडाआड गेले.

चांदशानं किल्ली उचलली, कुलूप काढलं. रायभान रांगत बाहेर आला. उभं राहायला त्याला वेळ लागला. मिशीत काटक्या, डोळे सुजलेले. त्यानं माळाकडं तोंड केलं आणि आणखी एकदा हाक मारली. नीट, सगळं ठिकाणावर ठेवून, शेवटचा तुकडा चढता.

लिंबाच्या पलीकडं, डोळ्यांना दिसेल इतक्या जवळ, एका दगडावर मामलेदार उभा होता. त्यानं मान वाकडी करून रायभानला न्याहाळलं, उत्तर दिलं, आणि पोट पुढं काढून दुसरीकडं चालता झाला.

रायभानचे खांदे पडले.

"ऐकतात, बाबा," तो म्हणाला. त्याचा आवाज खरंच बसला होता. "ओळखतात. पण येत नाहीत. माझ्या हाकेला आता कुणीसुद्धा येत नाही..."

चांदशानं कुलूप ओढ्याच्या दिशेनं भिरकावलं.

"असा तितर कुठला शिकारी पाळील, गड्या?"